आठ घरांचे एक रान : संकटकाळच्या आसऱ्यासाठी एकत्र जमीन घेताना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांचे गावाकडे रान होते, विहीर होती आणि चार खोल्यांची का होईना वस्ती होती, ते सोलापुरातून निघून तिकडे जाऊ शकले. बाकीचे दोन खोल्यांच्या घरात, काही दिवसांआड येणाऱ्या नळाकडे डोळे लावून बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि पुणे महामार्गावरील लांबोटीजवळची वाहतूक बंद ठेवावी लागली, तेव्हा 'शहराबाहेर आपली एखादी जागा हवी' ही बोलणी पुन्हा सुरू झाली. एकट्या नोकरदाराला किंवा छोट्या कारखानदाराला आज तीन-चार एकर रान घेणे सहसा परवडत नाही. सात-आठ घरांनी मिळून घेतले तर परवडते. मात्र अशा खरेदीत जमीन शोधण्यापेक्षा ती सगळ्यांच्या नावावर कायद्याने टिकेल अशी घेणे, आणि पुढे एखाद्याला बाहेर पडायचे झाल्यास बाकीच्यांचा आसरा न मोडता त्याला मोकळे करणे, हेच काम अधिक अवघड आहे. म्हणून या लेखात जमीन बघायला निघण्याआधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी : माणसे आणि हेतू

सहा ते दहा घरे ही सोयीची संख्या आहे. त्याहून कमी असतील तर प्रत्येकाचा भार वाढतो, आणि त्याहून जास्त झाली की साध्या कुंपणाच्या निर्णयालाही तीन महिने लागतात. पहिल्या बैठकीत जमिनीचा विषय न काढता प्रत्येक घराकडून एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. आपण नेमक्या कोणत्या संकटासाठी ही जागा घेत आहोत? त्या वेळी आपल्या घरातील किती माणसे तिथे येतील, आणि त्यांत वृद्ध, आजारी, लहान मुले किती? संकट आलेच नाही तर या जागेचे आपण काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. 'पाच वर्षांनी भाव दुप्पट झाला की विकू' असे लिहिणारा आणि 'आई-वडिलांना उन्हाळाभर तिथे ठेवू' असे लिहिणारा हे दोघेही सज्जन असतील, पण ते एका सातबाऱ्यावर नांदणार नाहीत. गुंतवणूक म्हणून येणाऱ्याला सुरुवातीलाच नम्रपणे वगळणे सर्वांच्या हिताचे ठरते, मग तो कितीही जवळचा असो.

सोलापुरात भिशीची सवय घरोघरी आहे आणि तिच्या भरवशावर असे गट पटकन जमतात. मात्र भिशीत प्रत्येकाचा पैसा त्याच्या पाळीला परत हातात येतो. जमिनीत तो अडकून राहतो, आणि ज्याला मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षांत पैसा लागणार आहे त्याने या वाटेला येऊ नये, हे बैठकीत उघडपणे बोलले गेले पाहिजे. तसेच ही रक्कम ओळखीच्या, ठरलेल्या घरांपुरतीच ठेवावी. पत्रके छापून किंवा मोबाइलवर निरोप फिरवून अनोळखी लोकांकडून पैसा गोळा केला, तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

दुसरी पायरी : शेतजमीन कोण घेऊ शकतो

बहुतेक गट याच ठिकाणी अडतात आणि चुकीची पळवाट शोधतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

सोलापूर जिल्ह्यात महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार जी व्यक्ती शेतकरी नाही तिला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. केवळ खरेदीच नाही, तर बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा आणि ताबागहाण (कर्जापोटी जमिनीचा ताबा देऊन ठेवलेले गहाण) हेही त्याच कलमात येतात. त्यामुळे 'खरेदी नको, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करू' ही एजंटाची युक्ती इथे चालत नाही. असा व्यवहार झाल्याचे लक्षात आले तर तहसीलदार कलम ८४-क खाली चौकशी करून तो अवैध ठरवू शकतात.

आठही घरांतील ज्या व्यक्तीचे नाव खरेदीखतावर येणार आहे, तिचा शेतकरी असल्याचा पुरावा आधी टेबलावर आला पाहिजे. स्वतःच्या नावाचा सातबारा हा सर्वांत सरळ पुरावा आहे. वडिलोपार्जित जमिनीत हक्क असूनही वारसनोंद राहून गेली असेल, तर ती नोंद आधी करून घ्यावी, कारण हे काम पुढे ढकलले की नेमके साठेखताच्या, म्हणजे खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराच्या, आठवड्यात आडवे येते. सोलापुरात अनेक घरांची जमीन विजयपूर, कलबुर्गी किंवा तेलंगणात आहे. अशांनी परराज्यातील उतारा इथे ग्राह्य धरला जाईल का, याची विचारणा तहसील कार्यालयात लेखी करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. पत्नीच्या नावे हिस्सा घ्यायचा असेल तर तिचा पुरावा स्वतंत्रपणे पाहावा.

तुळजापूर रस्त्याने पुढे गेल्यावर तामलवाडीकडची जमीन जवळची आणि सोयीची वाटते, पण तो तुळजापूर तालुका, म्हणजे धाराशिव जिल्हा झाला. तिथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे आणि त्याचे निर्बंध वेगळे तपासावे लागतात. शिवाय टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवाना लागत होता, हे आसरा शोधणाऱ्याने विसरू नये.

गटातील दोघे-तिघे शेतकरी नसतील तर प्रामाणिक मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि दुसरा म्हणजे शेतजमिनीऐवजी रीतसर बिगरशेती झालेला मंजूर रेखांकनातील (लेआउटमधील) भूखंड. कंपनी, ट्रस्ट किंवा सहकारी संस्था काढून तिच्या नावे शेतजमीन घेण्याचा सल्लाही दिला जातो. संस्था काढल्याने ती आपोआप शेतकरी ठरत नाही आणि परवानगीचा प्रश्न तसाच राहतो. एवढ्या छोट्या गटाने त्या फंदात पडू नये असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : नाव कोणाचे लागणार

तिसरा एक मार्ग सर्रास सुचवला जातो. 'आपल्यातल्या एका शेतकऱ्याच्या नावावर घेऊ, बाकीच्यांचा विश्वास आहेच.' पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत बसते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालमत्ता जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जमीन वाचली तरी त्या मित्राच्या पश्चात त्याच्या वारसांनी 'हे आमच्या वडिलांचे रान' म्हटले, तर बाकी सात घरांच्या हातात दाखवायला काहीही नसते. विश्वास असलेल्या माणसांनीच कागद पक्का करावा, कारण त्यांनाच पुढे एकमेकांचे तोंड पाहायचे असते.

म्हणून सर्वांची नावे खरेदीखतात घ्यावीत आणि प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, म्हणजे जागेवर न वाटलेल्या जमिनीतला वाटा, तिथेच अपूर्णांकात लिहावा. सातबाऱ्यावर मग सर्वांची नावे एका सामाईक क्षेत्रासमोर येतात. रक्कम समान नसेल तर हिस्साही समान लिहू नये. एकाने दुप्पट पैसे घातले असतील तर 'तेवढे चालते' असे म्हणून सोडून देणे आज सोपे जाते, आणि दहा वर्षांनी तोच मुद्दा वादाचे मूळ होतो.

पुढचा हिशेब मात्र गटातील प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. आठ समान हिस्से केले तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ गुंठे येतात. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये जे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र) ठरले ते जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. म्हणजे जमीन जिरायत असेल तर या आठ जणांना ती जागेवर वाटून घेता येणार नाही. सामाईक मालकाला वाटणी मागण्याचा हक्क असतो. पण प्रत्यक्ष वाटणी शक्य नसेल तर प्रकरण न्यायालयात जाऊन सगळ्याच जमिनीच्या विक्रीपर्यंत पोहोचू शकते. त्यातून निष्कर्ष असा की बाहेर पडणाऱ्याला जमिनीचा तुकडा देता येणार नाही, पैसेच द्यावे लागतील, आणि ते कसे द्यायचे हे आधी लिहून ठेवावे लागेल. खरेदीच्या वेळी चालू असलेले प्रमाणभूत क्षेत्र तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, खात्री करून घ्यावे.

चौथी पायरी : पैशाचा आराखडा

समजा तीन एकर जमीन एकरी १२ लाखांना ठरली. किंमत ३६ लाख झाली. मुद्रांक शुल्क पाच टक्के धरले तर १ लाख ८० हजार होतात. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३० हजार आहे. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, आणि त्याचा दर जागा ग्रामपंचायतीत आहे की नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत यावर बदलतो, म्हणून आकडा दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून घ्यावा. वकील, मोजणी, कुंपण, बोअर, सौर पंप, पाण्याच्या टाक्या, शौचालये आणि एक साधी इमारत यांसाठी समजा नऊ लाख लागले, तर एकूण ४७ लाखांच्या पुढे गेलो. त्यावर तीन लाखांची गंगाजळी ठेवली की एका घराच्या वाट्याला साधारण सव्वासहा लाख येतात. फक्त जमिनीची किंमत आठने भागून साडेचार लाखांचा आकडा सांगणारा संयोजक सहा महिन्यांत सगळ्यांच्या शिव्या खातो.

विक्रेत्याला द्यायची रक्कम एकाच्या खात्यात गोळा करू नये. प्रत्येकाने आपल्या बँक खात्यातून आपल्या हिश्श्याची रक्कम थेट विक्रेत्याला द्यावी आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक खरेदीखतात नावानिशी लिहून घ्यावा. कोणाचा पैसा किती, याचा याहून चांगला पुरावा नाही. विक्रेता 'थोडे रोखीत द्या' म्हणेल. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने वर्ज्य आहे, त्यामुळे तिथे ठाम राहावे. नंतरच्या खर्चासाठी मात्र संयुक्त बचत खाते उघडून त्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवाव्यात.

पाचवी पायरी : दिशा, पाणी आणि वाट

सोलापूर शहर सीनेच्या पूर्वेला आहे. पुणे महामार्गाने मोहोळकडे जाताना सीना ओलांडावी लागते आणि विजयपूर रस्त्याने वडकबाळला तीच नदी पुन्हा आडवी येते. वैरागमार्गे बार्शीकडे, किंवा वळसंगमार्गे अक्कलकोटकडे जाताना सीना लागत नाही, मात्र तिकडे ओढे आणि छोटे पूल आहेतच. पुराच्या दिवशी ज्या पुलावर पाणी येते त्याच्या पलीकडचा आसरा त्या दिवशी उपयोगाचा नाही. त्यामुळे घरापासून जमिनीपर्यंत एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन वाटा असाव्यात आणि अंतर तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असावे, म्हणजे गाडीच्या अर्ध्या टाकीत जाऊन येता येते. नदीकाठची काळीभोर जमीन बघून भुलू नये. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपले रान लाल रेषेच्या बाहेर हवे.

जिल्ह्याचा पाऊस साधारण ५५० मिलिमीटर आणि तोही लहरी. त्यामुळे पाणी पावसाळ्यात बघण्यात काही अर्थ नाही. मे महिन्यात भर दुपारी जावे, विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी, मोटर सलग चालवून पाणी किती वेळात तुटते आणि किती वेळात पुन्हा भरते हे घड्याळ लावून पाहावे. शेजारच्या तीन-चार वस्त्यांवर चहाला बसून 'बहात्तरच्या दुष्काळात या विहिरीला पाणी होते का' असे वयस्कर माणसांना विचारावे. ही माहिती कुठल्याच कागदावर मिळत नाही. बोअर घ्यायची असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा, कारण राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय विसार (आगाऊ रक्कम) देऊ नये.

गरज किती लागेल याचा अंदाज सोपा आहे. आठ घरांची चाळीस माणसे आणि माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला २,२०० लिटर, म्हणजे पंधरा दिवसांना ३३ हजार लिटर पाणी लागते. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के टाकीत आला तरी ४० हजार लिटर साठतात. टाकी तेवढी बांधली असेल तर विहीर आटली तरी पंधरवडा निभावतो.

वाट मात्र पावसाळ्यातच बघावी. काळ्या रानात दोन पाऊस झाले की ट्रॅक्टरसुद्धा रुततो, चारचाकीची तर बातच नको. निवाऱ्यासाठी आणि रस्त्यासाठी मुरमाड चढ, शेतीसाठी काळी पट्टी अशी मिश्र जमीन मिळाली तर चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. विक्रेत्याने हाताने दाखवलेला रस्ता आणि गाव नकाशावरील गाडीरस्ता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. नकाशावर वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, आणि असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पण आसऱ्यासाठी घेतलेल्या जमिनीचा पहिला परिचय शेजाऱ्याशी रस्त्याच्या दाव्याने होऊ नये, म्हणून असे रान शक्यतो टाळावे.

सहावी पायरी : सातबारा ओळीने वाचणे

डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा काढावा आणि तो गटातील किमान दोघांनी बोट ठेवून वाचावा. वरच्या बाजूला भूधारणा पद्धती दिलेली असते. तिथे 'भोगवटादार वर्ग १' असेल तर सामान्यतः हस्तांतरणाला बंधन नसते. 'वर्ग २' असेल तर जमीन शासनाने अटीवर दिलेली आहे आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. इनाम, वतन किंवा देवस्थानाचा उल्लेख दिसला की पुढची बैठक विक्रेत्याशी न करता वकिलाशी करावी.

मग क्षेत्र. ते हेक्टर आणि आरमध्ये असते, त्यामुळे विक्रेता म्हणतो ते तीन एकर सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर एवढे दिसले पाहिजे. त्यातून पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, किती वजा आहे ते पाहावे. खातेदारांच्या यादीत चार भावांची नावे असतील आणि विकायला एकच भाऊ आला असेल, तर तो फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो. बहिणींची नावे नसतील तर 'त्यांनी सोडून दिले' या तोंडी वाक्यावर विसंबू नये, नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. कंसात किंवा आडवी रेघ मारलेली नावे आणि त्यांच्याजवळचे फेरफार (हक्कातील बदलाच्या नोंदी) क्रमांक हे त्या जमिनीचा इतिहास सांगतात. ते सगळे फेरफार काढून वाचावेत.

उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे गावच्या विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद), कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, पाटाच्या पाण्याची पाळी, न्यायालयातील दाव्याची नोंद असे बरेच काही सापडते. आपल्या जिल्ह्यात दोन नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा आढळतो, आणि नान्नज परिसरात तसेच मोहोळ, माढा, करमाळ्याच्या काही भागांत माळढोक अभयारण्याशी निगडित निर्बंध असू शकतात. त्याखेरीज बार्शी, उत्तर व दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतून सुरत-चेन्नई महामार्गाचे संपादन आखलेले आहे. आपला गट क्रमांक अशा कुठल्याही संपादनाच्या यादीत नाही ना, हे उपविभागीय कार्यालयात पाहून घ्यावे.

वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. हरकतीची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम सोडू नये.

सातवी पायरी : मोजणीपासून फेरफारापर्यंत

साठेखत करण्याआधी किंवा निदान त्यातील अट म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी करून घ्यावी. मोजणीच्या दिवशी लगतचे शेतकरी हजर राहतील असे पाहावे, आणि हद्दीच्या खुणा रोवल्यावर त्यांच्यासमक्ष फोटो काढावेत. साठेखत नोंदणीकृत असावे. त्यात बोजा कोण उतरवणार, उभ्या पिकाचे काय, विहीर-मोटर-झाडे किमतीत धरली की नाही, आणि मुदतीत खरेदी झाली नाही तर विसाराचे काय, हे स्पष्ट हवे. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात आल्यावर आठही नावांचे शुद्धलेखन आणि हिस्से तपासावेत. नावातील एका मात्रेची दुरुस्ती पुढे फार वेळ खाते.

आठवी पायरी : आपापसातील करारनामा

खरेदीखत विक्रेत्याशी असते. आपले एकमेकांशी काय ठरले ते वेगळ्या करारनाम्यात लिहावे, आणि त्याचा मसुदा जमीन पसंत होण्याआधी तयार असावा. रान आवडल्यावर कोणी अवघड प्रश्न विचारत नाही. मुद्रांक पेपर किती किमतीचा लागेल ते वकील सांगेलच.

विक्रीला कायमची सरसकट बंदी घालणारी अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० मुळे टिकत नाही. त्याऐवजी सहधारकांना पहिला नकाराचा हक्क द्यावा, म्हणजे हिस्सा बाहेर विकण्याआधी तो त्यांना देऊ केला पाहिजे. नमुन्यादाखल असे कलम लिहिता येईल :

'सहधारकांपैकी कोणास आपला हिस्सा विकावयाचा झाल्यास त्याने इतर सर्व सहधारकांस लेखी कळवावे. कळविल्यापासून ९० दिवसांत इतर सहधारकांनी, एकत्र किंवा त्यांच्यापैकी कोणीही, तो हिस्सा खालील रीतीने ठरलेल्या किमतीस घ्यावा : त्या वर्षीच्या मूल्यदर तक्त्यातील मूल्य आणि मान्यताप्राप्त मूल्यांककाने काढलेले मूल्य यांची सरासरी. रक्कम जास्तीत जास्त चार सहामाही हप्त्यांत द्यावी. या मुदतीत कोणीही तयारी न दाखविल्यास, इतर सहधारकांपैकी तीन-चतुर्थांशांनी मान्य केलेल्या शेतकरी व्यक्तीस तो हिस्सा विकता येईल. अशी मान्यता सबळ कारणाशिवाय नाकारता येणार नाही.'

किमतीची रीत लिहिली आहे, आकडा लिहिलेला नाही, हे लक्षात घ्यावे. हप्ते दिले आहेत, कारण संकटानंतरच लोक बाहेर पडू पाहतात आणि तेव्हा उरलेल्यांकडेही पैसा नसतो.

याशिवाय हिस्सा गहाण ठेवू नये, वार्षिक वर्गणी दोनदा थकली तर मताचा हक्क स्थगित व्हावा, एका ठरावीक रकमेवरचा खर्च तीन-चतुर्थांश मतांनीच व्हावा, आणि वाद झाल्यास आधी लवादाकडे जावे, ही कलमे असावीत. 'संकट' कोणी जाहीर करायचे हेही लिहावे. माझ्या मते कोणत्याही दोन घरांनी कळवले की ते पुरेसे मानावे, कारण बहुमताची वाट पाहण्याइतका वेळ त्या दिवशी नसतो. प्रत्येक घराने किती पाहुणे आणायचे याची मर्यादा घालताना लोक संकोचतात. सासरचे, मामाकडचे, दुकानातला गडी असे करत चाळीसाचे नव्वद होतात आणि पाणी चाळीसांचेच असते, म्हणून तो संकोच बाजूला ठेवावा.

मृत्यूनंतर हिस्सा वारसांकडे जाईल, आणि त्यांत परदेशी मुलगा, विवाहित मुलगी, न बोलणारे भाऊ असे सगळे असू शकतात. करारनामा वारसांवरही बंधनकारक राहील असे त्यात लिहावे आणि प्रत्येक सहधारकाने मृत्युपत्रात आपला हिस्सा एकाच व्यक्तीला द्यावा, असा आग्रह धरावा.

नववी पायरी : रान वहिवाटीत ठेवणे

ज्या रानात कोणी राहत नाही तिथून आधी मोटर जाते, मग केबल, मग बांध सरकतो. त्यामुळे वस्तीवर एक जोडपे राखणीला ठेवणे हा खर्चाचा नव्हे, गरजेचा भाग समजावा. मात्र इथे एक कायदेशीर काळजी घ्यावी लागते. जमीन बटईने किंवा वाट्याने तोंडी लावून दिली की कसणाऱ्याच्या कुळहक्काचा प्रश्न उभा राहू शकतो. राखणदाराशी मजुरीचा लेखी करार करावा, पगार दरमहा बँकेतून द्यावा, बियाणे-खताची बिले सहधारकांच्या नावे घ्यावीत आणि ई-पीक पाहणी (पिकाची मोबाइलवरून होणारी सरकारी नोंद) दर हंगामाला आपल्यापैकीच एकाने स्वतः नोंदवावी. ज्वारी, तूर, करडई यांसारखी कमी पाण्याची पिके पुरेत. धान्य त्या वर्षीच्या साठ्यात जाते आणि कडबा शेजाऱ्याला दिला तर संबंध राहतात.

दहावी पायरी : निवारा आणि तालीम

बांधकामाआधी ग्रामपंचायत आणि संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे शेतघरासाठीची किमान क्षेत्राची व बांधकामाची मर्यादा विचारून परवानगी घ्यावी. पाया काळ्या मातीत थांबवू नये, मुरूम लागेपर्यंत खोदावे, नाहीतर उन्हाळ्यात जमीन आकसते आणि भिंतींना तडे जातात. नुसते पत्र्याचे शेड मे महिन्यात भट्टी होते, त्यामुळे जाड भिंती, उंच छत आणि उत्तर-दक्षिण खिडक्या हव्यात. पहिल्या पैशातून शौचालये आणि पाण्याची टाकी बांधावी, खोल्या नंतर वाढवता येतात. कडब्याची गंज निवाऱ्याला लागून रचू नये, घोणस आणि मण्यार तिथेच येतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन असते का, हे आधी विचारून ठेवावे.

साठवण वर्षातून दोनदा फिरवावी. दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला जुने धान्य, तेल, औषधे घरी न्यावीत आणि नवी ठेवावीत, त्यासाठी पाळीपाळीने एका घराकडे किल्ली आणि वही असावी.

पहिल्या वर्षात सर्व आठ घरांनी दोनदा मुक्कामाला जावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात, सूचना न देता, संध्याकाळी फोन आल्यावर निघून. कोण किती वेळात पोहोचले, कोणाच्या आजीला शौचालयाची पायरी चढता आली नाही, कोणाचे इन्सुलिन थंड ठेवायला सोय नव्हती, रात्री पाणी किती संपले, हे सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहावे आणि त्याच वहीवरून पुढच्या वर्षाच्या वर्गणीचा आकडा ठरवावा.